प्रायश्चित्तकाळ पहिल्यांदा पाळताना : प्रापंचिकाचा उपवास आणि हातातलं एक पुस्तक

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळाला राख लागते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचाच गजर वाजतो. कामाला जायचं असतं, मुलांचं आवरायचं असतं, घरातल्या आजारी माणसाचं औषधपाणी बघायचं असतं. मठात राहणाऱ्याला घंटा उठवते, घंटाच प्रार्थनेला बोलावते. प्रापंचिकाला असं कुणी बोलावत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला उत्साह दुसऱ्या आठवड्यात ओसरतो आणि एकदम ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी लक्षात येतं की काळ सरला.

ज्यांचा बाप्तिस्मा नुकताच झाला आहे, जे त्याची तयारी करत आहेत, किंवा जे बऱ्याच वर्षांनी पुन्हा मिस्साला, म्हणजे कॅथलिक मंदिरातल्या मुख्य उपासनेला, येऊ लागले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकायला हवं. नव्या माणसाने या काळात थोडंच अंगावर घ्यावं, आणि त्या थोड्यात एक पुस्तक नक्की असावं. उपवास, प्रार्थना आणि दान ही तीन कामं एकमेकांपासून सुटी पडू नयेत, यासाठी रोजच्या वाचनासारखा उपाय मला दुसरा दिसत नाही.

तारखा आधी समजून घ्या

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून हा काळही पुढे-मागे होतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. त्याच्या ४६ दिवस आधीचा बुधवार म्हणजे राखेचा बुधवार. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे.

४६ दिवसांतले सहा रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपवास धरत नाहीत. मग आपण स्वतःहून सोडलेली गोष्ट रविवारी घ्यावी का? नियम काहीच सांगत नाही, तुम्ही ठरवा. मात्र सुरुवातीलाच ठरवा. तिसऱ्या रविवारी मोह झाल्यावर ठरवू नका.

राख लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एकात माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची आठवण असते. ते बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातून आलं आहे. दुसऱ्यात पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याची हाक असते. ते मार्कने लिहिलेल्या येशूच्या वृत्तान्ताच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, पहिल्या अध्यायातून आलं आहे. राख हा संस्कार नव्हे, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्यालाही ती घेता येते. तयारी करणाऱ्यांनी संकोच करू नये.

मिस्सामध्ये काही गोष्टी वेगळ्या दिसतील. जांभळी वस्त्रं असतात, आलेलुया म्हटलं जात नाही, रविवारी गौरवगीत नसतं आणि वेदीवर फुलं नसतात. आजारी माणसाच्या घरात आपण आवाज कमी करतो, तसंच काहीसं हे आहे. सण हळूहळू जवळ येत असतो आणि त्यासाठी सगळं थोडं रितं केलेलं असतं.

नियम नेमके किती आणि कुणाला

नवे लोक इथे सर्वांत जास्त गोंधळतात, कारण घरोघरी वेगवेगळं ऐकायला मिळतं. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधानातले (कायद्यातले) नियम तसे मोजकेच आहेत.

मांसवर्ज्य : राखेचा बुधवार आणि काळातले सगळे शुक्रवार. वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे. त्यात मांस येतं. अंडी, दूध आणि मासे येत नाहीत.

उपवास : राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे), हे दोनच दिवस. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षं पूर्ण होईपर्यंत तो बंधनकारक आहे. या उपवासात दिवसातून एकदा पोटभर जेवता येतं, आणि सकाळ-संध्याकाळ थोडं काही खाता येतं. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये हे स्वरूप ठरवून दिलं.

शुक्रवारी मोठा महोत्सव आला तर मांसवर्ज्याचं बंधन त्या दिवशी नसतं. २०२७ मध्ये १९ मार्च, म्हणजे संत जोसेफचा महोत्सव, शुक्रवारीच येतो. बिशपांच्या परिषदेला आपल्या देशापुरते काही बदल करता येतात, म्हणून आपल्या धर्मग्रामात एकदा विचारून घ्या.

आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अंगमेहनतीचं काम करणारे यांनी उपवासासाठी जीव धोक्यात घालू नये. मधुमेही माणसाने गोळी घेऊन उपाशी राहणं ही भक्ती नव्हे. जेवणाशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे, ज्यांना खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे, त्यांनी अन्नाला हात न लावता दुसरंच काही सोडावं, आणि त्याबद्दल स्वतःला कमी लेखू नये. जे मुळात मांस खातच नाहीत, त्यांच्यासाठी शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याला काही अर्थ उरत नाही. त्यांनी त्या दिवसासाठी दुसरा एखादा लहानसा त्याग निवडावा. नियमाचं अक्षर पाळलं आणि हेतू निसटला, असं होऊ नये.

काय सोडायचं ते ठरवताना

नियमांच्या पलीकडे आपण स्वतःहून काही सोडतो. इथे उत्साहाच्या भरात मोठी यादी बनते : चहा, गोड, मालिका, फोन, राग, सगळं एकदम. एवढं सगळं टिकत नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिचा ४९ वा अध्याय या काळावर आहे. खाणं, पिणं, झोप, बडबड, थट्टामस्करी यांतलं थोडंसं प्रत्येकाने आपल्या इच्छेने कमी करावं, असं तो सांगतो. आणि लगेच एक अट घालतो : जे काही करायचं ते मठाधिपतीला सांगून, त्यांच्या संमतीने करावं. कारण न विचारता केलेल्या तपाला अहंकार चिकटतो. आपल्याला मठाधिपती नसतात. पण पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू असतात, नवरा किंवा बायको असते, एखादी जाणती मैत्रीण असते. ‘मी हे करायचं म्हणतोय, झेपेल का?’ एवढं एका माणसाला विचारा. घरातल्यांना तर विचाराच, कारण तुमच्या उपवासाचा भार पुष्कळदा त्यांच्यावर पडतो. तुम्ही चहा सोडला आणि सकाळभर घरात चिडचिड केली, तर उपवास घरच्यांना घडला.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८ वा अध्याय वाचतात. हा अध्याय या काळाची कसोटीच आहे. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तुझं लक्ष कसं नाही? देव उत्तर देतो की उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवता, भांडता, एकमेकांवर मुठी उगारता. मला हवा असलेला उपवास म्हणजे जोखड मोडणं, भुकेल्याला आपल्यातलं अन्न देणं, बेघराला घरात घेणं, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ न फिरवणं. काय सोडावं हे सुचत नसेल तर हा अध्याय दोनदा वाचा. पुष्कळांना उत्तर त्यातल्या शेवटच्या गोष्टीपाशी सापडतं : घरातल्या कुणाशी तरी बोलणं बंद आहे.

तेव्हा एक गोष्ट सोडा आणि एक गोष्ट धरा. कुणाला सांगत फिरू नका. राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं, आणि दान, प्रार्थना, उपवास या तिन्हींबद्दल तिथे एकच ताकीद आहे : लोकांना दाखवण्यासाठी करू नका.

पुस्तक निवडणं

त्याच बेनेडिक्टच्या नियमावलीतला ४८ वा अध्याय मला फार आवडतो. त्यात लिहिलं आहे की या काळाच्या सुरुवातीला प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावं, आणि त्याने ते अथपासून इतिपर्यंत, सलग वाचावं. वाचनाच्या वेळी कुणी आळसात किंवा गप्पांत वेळ घालवतो आहे का, हे पाहायला एकदोन ज्येष्ठ साधूंनी मठात फेरी मारावी, असंही तो सांगतो. म्हणजे वाचनाचा कंटाळा तेव्हाही यायचा आणि तो संतांना ठाऊक होता.

‘सलग’ हा शब्द नीट धरून ठेवा. आवडलेलं पान उघडणं, चार पुस्तकांतून चार उतारे वाचणं, फोनवर आलेली सुवचनं पुढे ढकलणं, यात आपण जे ऐकायला तयार आहोत तेवढंच ऐकतो. पुस्तक सलग वाचलं तर नको असलेलं पानही समोर येतं. या काळाला साजेसं वाचन तेच.

पहिल्या वर्षासाठी सर्वांत चांगली निवड म्हणजे एक शुभवर्तमान. मार्कचं सर्वांत लहान, फक्त १६ अध्यायांचं. मार्क घाईने सांगतो, प्रसंगामागून प्रसंग येतात. ज्याने बायबल कधीच सलग वाचलेलं नाही त्याने तिथूनच सुरुवात करावी.

दुसरा मार्ग म्हणजे रोजच्या मिस्साची वाचनं. मिस्साला रोज जाता आलं नाही तरी ती घरी वाचता येतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, पण या काळातल्या साध्या दिवसांची वाचनं दर वर्षी तीच असतात. म्हणजे बायबलच्या समासात यंदा पेन्सिलीने केलेली खूण पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा भेटते. चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून योहानाचं शुभवर्तमान सुरू होतं आणि येशूभोवतीचा विरोध दिवसागणिक घट्ट होत जातो. हा मार्ग निवडलात तर निदान तो भाग चुकवू नका.

इथे एक व्यवहारी सूचना. तुमच्याकडचं बायबल ६६ पुस्तकांचं आहे की ७३, हे पाहून घ्या. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. ६६ ची प्रत असेल तर पहिल्या आठवड्याच्या गुरुवारी एस्तेरची प्रार्थना, तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी दानिएलमधली अजऱ्याची प्रार्थना, चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी ज्ञानग्रंथातला नीतिमान माणसाविरुद्धच्या कटाचा उतारा आणि पाचव्या आठवड्याच्या सोमवारी सुसन्नेची गोष्ट सापडणार नाही. नवा वाचक तेव्हा आपलंच काही चुकलं असं समजून पानं उलटत बसतो.

बायबलच्या जोडीला संतांचं एखादं पुस्तक घ्यायचं असेल, तर कोणतं? काहींची नावं सांगतो, पण त्यांतलं एकच घ्या.

संत फ्रान्सिस द सेल्स यांचं ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हे १६०९ मध्ये आलेलं पुस्तक मी सगळ्यांत आधी सुचवेन. त्यांच्या आधी भक्तीवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी जग सोडलेल्यांसाठी लिहिलं होतं. आपण शहरात, घरसंसारात, दरबारात राहणाऱ्यांसाठी लिहितो आहोत, असं ते प्रस्तावनेतच सांगतात. सुरुवातीच्याच एका प्रकरणात त्यांनी म्हटलं आहे की बिशपने एकांतवासी साधूसारखं राहू पाहिलं, किंवा कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला, तर ती भक्ती वेडगळ ठरेल. प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला साजेशी असावी. आपल्याला मठातलं जगता येत नाही म्हणून खंतावणाऱ्या संसारी माणसाला हे वाचून मोकळा श्वास घेता येतो. प्रकरणंही लहान आहेत.

लिझ्यूच्या संत तेरेजाचं आत्मकथन तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८९८ मध्ये छापलं गेलं. ती २४ व्या वर्षी गेली. सुरुवातीची भाषा कुणाला फार लाडिक वाटेल, पण तिथे थांबू नका. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाणी सारखं तोंडावर उडवते. मागे बसलेली कुणी ध्यानाच्या वेळी सतत खुडखुड करते. अशा प्रसंगी आत काय उसळतं आणि त्याचं काय करायचं, हे तिने जितकं खरं लिहिलंय तितकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. एका घरात, एका कार्यालयात, माणसांच्या गर्दीत राहणाऱ्याला हे लगेच कळतं.

संत ऑगस्टीनचं ‘कबुलीजबाब’ घ्यायचं असेल तर त्यातले पहिले नऊ भाग वाचा. तिथपर्यंत त्यांचं आयुष्य आहे : आईचे अश्रू, वासनांशी झगडा, बागेत मन पालटल्याचा तो प्रसंग, आणि ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये संत अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा. पुढचे चार भाग स्मृती, काळ आणि उत्पत्तीच्या आरंभावर आहेत. ते अवघड आहेत आणि दुसऱ्या वर्षासाठी ठेवता येतील. थॉमस अ केम्पिसच्या ‘ख्रिस्तानुकरण’बद्दल मात्र एक सावधगिरी. पंधराव्या शतकातलं हे पुस्तक मठवासीयांसाठी लिहिलेलं आहे. माणसांपासून दूर राहण्याविषयी त्यात जे येतं, ते घरच्यांना टाळण्याची परवानगी म्हणून वाचू नये.

मराठी वाचकाला आणखी एक ठेवा मिळालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. जुन्या कराराची आणि नव्या कराराची कथा त्यांनी ओवीत बांधली आहे. भाषा चारशे वर्षांपूर्वीची असल्याने नवख्याने ते एकट्याने पूर्ण करायचा हट्ट धरू नये. पण शेवटच्या आठवड्यात त्यातला येशूच्या दुःखसहनाचा भाग घरात मोठ्याने वाचून पाहा. ओवी कानाने वाचायची असते.

कोणतंही पुस्तक घेतलंत तरी पानांचा हिशेब करा. एकूण पानांना ४० ने भागा. रोज सहा-सातपेक्षा जास्त पानं येत असतील तर पातळ पुस्तक निवडा.

वेळ आणि जागा

रोज १५ मिनिटं पुरतात. जागा ठरलेली असावी आणि वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधलेली असावी : अंघोळीनंतर, प्रवासात, मुलं झोपल्यावर. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणाल तर मिळत नाही. छापील पुस्तक बरं, कारण फोनवर वाचताना वरून निरोप येत राहतात. फोनशिवाय गत्यंतर नसेल तर तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवा. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना किंवा तान्ह्या मुलाच्या आईला सलग १५ मिनिटं मिळणारच नाहीत. त्यांनी एक ओवी, एक वचन सकाळी वाचावं आणि दिवसभर मनात घोळवावं. ते कमी नाही.

वाचायचं कसं

बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन साधूने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात नुसतं राहणं. ऐकायला मोठं वाटतं, करायला सोपं आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट घेऊन पाहू. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘अ’ वर्षात ती या काळाच्या तिसऱ्या रविवारी वाचतात.

आधी पवित्र आत्म्याला एका वाक्यात हाक मारा. मग उतारा हळू वाचा, शक्य असेल तर ओठ हलवून. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचा, पण यावेळी ज्या शब्दाशी पाऊल अडखळेल तिथे थांबा. समजा, ‘प्रवासाने थकलेला येशू विहिरीपाशी बसला’ इथे थांबलात. दुपारची वेळ आहे. तो थकला आहे, तहानलेला आहे आणि पाणी तोच मागतो आहे. देव आपल्याकडे काही मागत येतो, ही गोष्ट मनात फिरू द्या. तो तुमच्याकडे काय मागतो आहे? घाईने उत्तर काढू नका.

मग त्याच्याशी बोला. स्वतःच्या शब्दांत, घरात बोलतो तसं. ‘प्रभू, मी संध्याकाळी थकून येतो तेव्हा कुणी काही मागितलं की मला राग येतो’, अशी सुरुवातही चालेल. शेवटी दोन मिनिटं काही न बोलता बसा. काही जाणवलं नाही तरी बसा. उठण्याआधी एक छोटी कृती ठरवा. त्या स्त्रीने आपली घागर तिथेच टाकली आणि ती गावात गेली. आज मी काय खाली ठेवणार आणि कुणाकडे जाणार?

वाचताना डोक्यात बाजार भरेल. भरू द्या, आणि कळलं की परत शब्दाकडे या.

वाचन लागू पडतंय की नाही, हे कसं ओळखायचं? इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाले. अंथरुणावर त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं मिळाली. दोन्ही तऱ्हेची स्वप्नं त्यांना गोड लागायची. पण दरबार आणि पराक्रमाची स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याच्या विचारांनंतर मात्र आनंद टिकून राहायचा. तुम्हीही पुस्तक मिटल्यावर तासाभराने मनाकडे पाहा. शांत पण सावध असेल तर चाललंय ते ठीक. इतरांच्या चुका जास्त दिसू लागल्या असतील तर वाचनाची दिशा चुकते आहे.

दान

पाचव्या शतकातले राव्हेन्नाचे बिशप पीटर क्रिसोलोगस यांनी एका प्रवचनात प्रार्थना, उपवास आणि दया या तिघांना एकमेकांपासून वेगळं करू नका, असं बजावलं आहे. प्रार्थना दार ठोठावते, उपवास मिळवतो, दयेच्या हाती ते पडतं. एकच असेल आणि बाकी दोन नसतील तर हाती काहीच नाही, असं ते म्हणतात.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. सोडलेल्या गोष्टीचे पैसे बाजूला काढा आणि ते ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या. आपल्याच खिशात राहिले तर ती नुसती बचत झाली. पैसे नसतील तर वेळ द्या : रुग्णालयात कुणाजवळ बसा, एकट्या राहणाऱ्या वृद्धाची कामं करा. पहिल्या आठवड्याच्या सोमवारी मत्तयचा २५ वा अध्याय वाचतात. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. त्यांपैकी तुमच्या ओळखीत कोण आहे, त्याचं नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पापनिवेदन

बाप्तिस्मा अजून झालेला नसेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही, बाप्तिस्म्यातच सगळ्या पापांची क्षमा होते. इतरांनी पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याची, वाट पाहू नये. तेव्हा रांगा असतात आणि धर्मगुरूही थकलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा.

आदल्या रात्री स्तोत्र ५१ किंवा १३० वाचा. १३० वं फक्त आठ वचनांचं आहे. मग शांतपणे दिवस आठवा : देवाशी, घरच्यांशी, कामाशी, पैशाशी, स्वतःच्या शरीराशी मी कसा वागलो? तुमच्या वाचनातलं जे पान टोचलं होतं ते इथे उपयोगी पडतं. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, शेवटचं पापनिवेदन कधी झालं ते सांगा आणि पापं साध्या शब्दांत सांगा. कारणं देऊ नका, दुसऱ्यांची पापं सांगू नका. कसं करायचं ते विसरला असाल तर तसंच सांगा, धर्मगुरू हात धरून पुढे नेतील. बऱ्याच वर्षांनी येणारे घाबरतात, पण असा माणूस आला की धर्मगुरूंना आनंदच होतो. त्यांनी ऐकलेलं कुणालाही, कशासाठीही सांगता येत नाही, हे बंधन अभेद्य आहे. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी करून टाका.

मधेच खंड पडला तर

पडतो. चौथ्या रविवारी धर्मगुरू गुलाबी वस्त्रं घालू शकतात, वेदीवर फुलं चालतात, त्या दिवसाचं नावच आनंदाचं आहे. ख्रिस्तसभेला माहीत आहे की माणसं आता दमली आहेत. वाचन चार दिवस राहून गेलं असेल तर ती पानं भरून काढायला बसू नका. आजचं पान उघडा. सोडलेली गोष्ट मोहाने घेतली गेली असेल तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सोडा. आणि ठरवलेलं फारच जड होतंय असं दिसलं, तर ज्यांना सुरुवातीला विचारलं होतं त्यांनाच विचारून हलकं करा.

शुक्रवारी जमेल तेव्हा क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या एकेका टप्प्यापाशी थांबत केल्या जाणाऱ्या प्रार्थनेला, जा. १४ स्थानं असतात, आणि नव्या माणसाला त्यात फारसं काही शिकावं लागत नाही. सगळ्यांबरोबर उठायचं, गुडघे टेकायचे, चालायचं. ज्या दिवशी वाचनात मन लागत नाही, त्या दिवशी पायांनी केलेली ही प्रार्थना सांभाळून घेते.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारी आणि पवित्र शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात. रविवारी त्या वर्षाच्या चक्राप्रमाणे मत्तय, मार्क किंवा लूकचा, आणि शुक्रवारी नेहमीच योहानाचा, १८ आणि १९ वा अध्याय. दोन्ही आधी घरी वाचून जा. मार्कमध्ये येशू ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडतो आणि योहानमध्ये ‘पूर्ण झालं’ म्हणतो. एकाच मरणाकडे दोघे कसे पाहतात ते लक्षात घेऊन ऐकलं, तर लांब वाचन लांब वाटत नाही.

हा काळ पवित्र गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या मिस्साआधी संपतो. पुढचे तीन दिवस स्वतंत्र आहेत. शुक्रवारी जगात कुठेही मिस्सा होत नाही. त्या दिवशी उपवास असतो आणि दुपारचा विधी असतो. सुट्टी मिळणार नसेल तर कामावर दुपारी काही मिनिटं बाजूला होऊन योहानाचा १९ वा अध्याय वाचा.

शनिवारच्या रात्रीच्या जागरणविधीत जुन्या करारातली सात वाचनं असतात : उत्पत्तीतून सृष्टी आणि अब्राहामाची कसोटी, निर्गमातून समुद्र दुभंगणं, यशयाचे ५४ आणि ५५ हे अध्याय, बारूख आणि यहेज्केलचा ३६ वा अध्याय. काही ठिकाणी त्यांतली कमी वाचतात, पण समुद्राचा उतारा कधीच गाळत नाहीत. सोमवारपासून रोज एकदोन वाचत गेलात तर शनिवारपर्यंत सातही होतात. अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात ती ऐकताना नवखा माणूस मग हरवत नाही, आणि बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारताना आपण कोणत्या कथेत उभे आहोत ते त्याला कळतं.

पुस्तकाची काही पानं उरली असतील तर ईस्टरच्या आठवड्यात वाचून संपवा. त्यानंतर तीच वेळ, तीच जागा ठेवून प्रेषितांची कृत्ये उघडा. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतच्या) ५० दिवसांत मिस्सामध्ये रोज तेच वाचतात.